मुलांच्या सुट्टीत कुठे जायचे? ठिकाण ठरवण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

वार्षिक परीक्षा संपत आली की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचे? कुणी महाबळेश्वर सुचवते, कुणी कोकण, कुणी ताडोबा. बहुतेक घरांत ठिकाण आधी ठरते आणि मुलांना त्यात बसवले जाते. मग मे महिन्याच्या भर दुपारी वेरूळच्या आवारात सहा वर्षांचे मूल रडकुंडीला येते, किंवा एका दिवसात सात ‘पॉइंट’ उरकताना आठवीतली मुलगी मोबाइलमधून डोके वर काढत नाही. यात दोष वेरूळचा नसतो आणि मुलांचाही नसतो. तेच ठिकाण दिवाळीत किंवा तीन वर्षांनी नेले असते तर मुलांनी डोळे विस्फारून पाहिले असते.

‘मुलांसाठी चांगले ठिकाण’ अशी कायमची यादी नसते. सुट्टीचा महिना, प्रवासाचे तास आणि मुलांचे वय यांवर ते ठरते. म्हणून ठिकाणाचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे आणि त्याआधी पुढील सहा प्रश्नांची उत्तरे काढावीत.

१. सुट्टी नेमकी कोणत्या महिन्यात आहे?

राज्य मंडळाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उन्हामुळे शाळा त्यानंतर उघडतात. सीबीएसई आणि इतर मंडळांच्या शाळांचे वेळापत्रक वेगळे असू शकते. मावस-मामे भावंडांनी मिळून जायचे असेल तर सगळ्यांच्या शाळांच्या तारखा आधी जुळवाव्या लागतात. याशिवाय दिवाळीची सुट्टी आणि काही शाळांना नाताळची सुट्टी मिळते.

महिना कळला की निम्मी यादी आपोआप गळते.

मे महिन्यात उंचावरची ठिकाणे सोयीची. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, सातपुड्यातले चिखलदरा सुमारे १,१०० मीटर आणि माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. दुपारी ऊन तिथेही लागते, पण सकाळ-संध्याकाळ बाहेर काढता येते. स्ट्रॉबेरीच्या शेतात नेण्याचे वचन मात्र मे महिन्यात देऊ नये. महाबळेश्वर-पाचगणीतला तो हंगाम मुख्यतः हिवाळ्यातला असतो.

अजिंठा, वेरूळ, लोणार ही ठिकाणे मे महिन्यात टाळून दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत ठेवावीत. या भागात मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. अजिंठ्याला लेण्यांच्या रांगेतून चालायचे असते आणि लोणारला विवरात उतरून पुन्हा चढायचे असते. हिवाळ्यात हीच ठिकाणे मुलांना झेपतात. उल्का आदळून तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर भूगोल शिकणाऱ्या मुलांना काठावर उभे राहून पाहता येते.

ताडोबाचे गणित उलटे आहे. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर प्राणी येतात, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता मे महिन्यात वाढते. पण चंद्रपूरचा मे हा राज्यातल्या सर्वांत तापलेल्या महिन्यांपैकी एक. पहाटे उठून उघड्या जिप्सीत तीन-चार तास शांत बसणे दहा-बारा वर्षांच्या मुलाला जमते, सहा वर्षांच्या मुलाला क्वचितच जमते. गाभा क्षेत्रातली सफारी पावसाळ्यात बंद असते.

काही गोष्टी सुट्टीत बसतच नाहीत, हेही माहीत असावे. कास पठारावरची फुले ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहरतात आणि तेव्हा शाळा चालू असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ, म्हणजे नेमकी परीक्षेची धामधूम. ही ठिकाणे शनिवार-रविवारला जोडून वेगळी करावीत. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे पक्ष्यांचे पाणथळ ठिकाण नाताळच्या सुट्टीत छान जमते, कारण स्थलांतर करून आलेले पक्षी हिवाळ्यात तिथे असतात. भंडारदरा परिसरातले काजवे मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिसतात, तेव्हा ते उन्हाळी सुट्टीत बसतात.

२. एकेरी प्रवास किती तासांचा आहे?

दोन मुक्कामांच्या सहलीत जाताना आठ आणि येताना आठ तास गेले तर मुलांच्या लक्षात प्रवासच राहतो. सोपा हिशेब असा, दोन मुक्काम असतील तर एकेरी प्रवास पाच-सहा तासांच्या आत असावा. रात्रभराचा रेल्वेप्रवास करायचा तर तिथे किमान तीन मुक्काम असावेत. नकाशावर दिसणारा वेळ हा न थांबता चालवलेल्या गाडीचा असतो. मुले बरोबर असली की जेवण, शौचालय आणि पाय मोकळे करणे यांसाठी त्यात तास-दीड तास वाढवावा.

महाराष्ट्रात कोकण किंवा महाबळेश्वर म्हणजे घाट आला. दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास सर्वाधिक असतो. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणे जाणवतात. या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मोबाइल किंवा पुस्तक देऊ नये, समोरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि निघण्यापूर्वी वडा-मिसळीऐवजी हलके खायला द्यावे. गोळी द्यायचीच असेल तर वयानुसार मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. दर वेळी गाडी लागत असेल, तर शक्य तिथे रेल्वेने जाता येईल असे ठिकाण निवडणे हा सर्वांत चांगला उपाय.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जायचे तर मार्चमध्येच ठरवावे लागते. पाच ते बारा वर्षांखालील मुलासाठी वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. बर्थ नको असेल तर आरक्षित डब्यात अर्धे भाडे लागते. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे. आई, आजी आणि दोन मुले असा प्रवास एसटीने बराच स्वस्त पडतो.

३. सर्वांत लहान मूल किती चालेल?

सहलीचा वेग घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या, किंवा आजी-आजोबांच्या गुडघ्यांच्या हिशेबाने ठरतो. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर अंतर आहे. सामान आणि दमलेले मूल घेऊन ते चालणे सोपे नाही. अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची छोटी गाडी इथे उपयोगी पडते. पण एकदा वर पोहोचले की वाहनांची भीती नसलेले रस्ते, लाल माती आणि माकडे यांत मुले रमतात. नेरळ-माथेरान गाडीचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. तिकीट मिळाले तर सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ती गाडी हीच अर्धी सहल होते.

किल्ल्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. राज्य मंडळाच्या चौथीच्या अभ्यासक्रमात शिवछत्रपतींचा इतिहास आहे, त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या वयात किल्ले पाहण्याची ओढ सर्वाधिक असते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. पण हे सगळे किल्ले मुलांना सारखेच सोपे नाहीत.

• गाडी वर किंवा जवळपर्यंत जाणारे: पन्हाळा आणि प्रतापगड, तसेच या यादीत नसलेला सिंहगड. सहा-सात वर्षांच्या मुलांपासून चालतील.
• पर्यायी सोय असलेला: रायगड. पायऱ्या चढणे झेपत नसेल तर रोपवे आहे. गर्दीच्या दिवशी रोपवेसाठी बराच वेळ थांबावे लागू शकते.
• पायऱ्यांचे, पण जमण्यासारखे: लोहगड आणि शिवनेरी. आठ-नऊ वर्षांच्या पुढे.
• दमवणारे: राजगड आणि साल्हेर. साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर. चालण्याची सवय असलेल्या बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी, तेही हिवाळ्यात.

चढाई सकाळी लवकर सुरू करून अकरापर्यंत खाली यावे, हा नियम उन्हाळ्यात तरी मोडू नये.

४. तिथे मुलांना करायला काय मिळेल?

मोठ्यांना पाहण्यात आनंद मिळतो, मुलांना करण्यात. सूर्यास्ताच्या पॉइंटवर मोठी माणसे अर्धा तास उभी राहतात. मूल पाच मिनिटांत ‘आता काय?’ विचारते. म्हणून ठिकाणाच्या यादीत ‘बघण्यासारखे’ किती आहे यापेक्षा ‘करण्यासारखे’ किती आहे ते मोजावे.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना वाळू, माती, पाणी, प्राणी आणि झोके पुरतात. त्यांना चार ठिकाणे दाखवण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन दिवस राहणे अधिक आवडते. कोकणातल्या घरगुती मुक्कामात किंवा कृषी पर्यटन केंद्रात विहीर, गोठा, आंब्याची अढी हे सगळे अंगणातच असते.

दहा ते बारा हे वय ‘कसे’ आणि ‘का’ विचारण्याचे. समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला लाटांत कसा टिकला, असे प्रश्न या वयाला पडतात. निघण्यापूर्वी त्या ठिकाणाबद्दल एक गोष्ट किंवा एक धडा वाचून घेतला तर मुले तिथे दगड पाहत नाहीत, वाचलेले शोधतात.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांची तक्रार वेगळी असते. त्यांना कुणी विचारलेलेच नसते. ठिकाणाचे दोन-तीन पर्याय पालकांनी निवडावेत आणि त्यांतला एक मुलांना निवडू द्यावा. सहलीतला एक दिवस किंवा निदान एक दुपार त्यांनी ठरवल्याप्रमाणे जाऊ द्यावी. सकाळी उशिरापर्यंत झोपण्याची मुभाही द्यावी. या वयात ट्रेकिंग, कायाकिंग, मालवणजवळचे स्नॉर्कलिंग असे शरीराला आव्हान देणारे काही असले की मोबाइल आपोआप बाजूला राहतो. जलक्रीडांना वयाची अट असते, ती पैसे भरण्यापूर्वी विचारावी.

घरात सात आणि चौदा वर्षांची भावंडे असतील तर दिवसाला एकच मुख्य कार्यक्रम ठेवावा आणि दुपारनंतर गरज पडल्यास दोन गट करावेत. एका पालकाने लहानग्याबरोबर किनाऱ्यावर थांबावे, दुसऱ्याने मोठ्याबरोबर किल्ल्यावर जावे.

५. धोका कुठे आहे: पाणी, ऊन की उंची?

सुट्टीच्या सहलीत सर्वांत मोठा धोका पाण्याचा असतो. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर समुद्र देवळाला लागून आहे आणि दिसायला शांत आहे, तरी तिथे पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्यावर येणारे पाणी परत जाताना वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा सर्वांत शांत दिसते. लाटांना घाबरणाऱ्या मुलाला घेऊन पालक नेमके तिथेच उतरतात.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याचा प्रयत्न माणसाला थकवतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालची सुरक्षित वेळ आज तशीच असेल असे नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिकांना वेळ आणि जागा दोन्ही विचारावे. हवेची रबरी ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. पाण्यात असलेले मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच असावे आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा. शक्य असल्यास जीवरक्षक असलेला किनारा निवडावा. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचे नाही.

धबधबे आणि धरणांच्या सांडव्यांचा धोका याहून फसवा. डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत खाली येते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातल्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण, त्यांत लहान मुलेही, असेच वाहून गेले. जून-जुलैमध्ये ‘वर्षा सहल’ करायची असेल तर मुलांसह प्रवाहात उतरायचे नाही, एवढे घरातूनच ठरवून निघावे.

उन्हासाठी टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी हे पुरेसे असते. सकाळी अकरा ते दुपारी चार मुक्कामाच्या जागी राहावे. मूल सुस्तावले, डोके दुखते म्हणाले, लघवी कमी झाली तर सावलीत नेऊन ओआरएस द्यावे. सुधारणा दिसली नाही किंवा मूल असंबद्ध बोलू लागले तर थेट दवाखाना गाठावा.

हिमालयात जाणाऱ्या कुटुंबांनी उंचीचा विचार करावा. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे, पण रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. लहान मुलाला तो नेमका सांगता येत नाही. ते फक्त चिडचिडे होते, जेवत नाही, उलटी करते. विमानाने लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, आणि ते दिवस कार्यक्रमात धरता येत नसतील तर ती सहल पुढे ढकलावी. त्रास वाढत असेल तर खाली उतरणे हाच खरा उपाय.

आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या अडचणीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक मोठ्या मुलांनाही पाठ असावेत.

६. बंद कधी असते आणि खर्च कुठे वाढतो?

दोनशे किलोमीटर जाऊन बंद दार पाहणे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागते. अजिंठा आणि घारापुरी लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. दोन्ही लेणी एकाच फेरीत पाहायची तर सोमवार-मंगळवार टाळावा. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचे कात्रज प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी मंगळवारी बंद. सिंधुदुर्ग, जंजिरा या जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्याच्या तोंडावर, मेच्या अखेरीस बंद होतात. ‘सुट्टी संपता संपता मालवण’ असा बेत त्यामुळे फसतो.

खर्चाच्या बाबतीत, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. वाढतो तो मुक्कामाचा खर्च. पाच की बारा, कोणत्या वयापासून मुलाचे वेगळे पैसे घेतात, जादा गादीचे किती, नाश्ता धरला आहे का, हे हॉटेलला आधी विचारावे. मेचा शेवटचा आठवडा आणि दिवाळीनंतरचे चार दिवस सर्वांत महाग असतात. सुट्टी मोठी असेल तर सोमवार ते गुरुवार जाणे खिशाला आणि गर्दीच्या दृष्टीने बरे.

एक उदाहरण

पुण्यातले एक कुटुंब, सात आणि तेरा वर्षांची मुले, मेच्या पहिल्या आठवड्यातले चार दिवस. पहिला बेत गणपतीपुळे, मालवण आणि गोवा असा तीन ठिकाणांचा. त्यात रोज सामान बांधायचे आणि दिवसाचा मोठा भाग गाडीत. दुसरा बेत दापोलीजवळच्या एकाच गावात तीन मुक्काम. प्रवास पाच-सहा तासांचा, तोही सकाळी लवकर निघून. पहिल्या दिवशी फक्त किनारा. दुसऱ्या दिवशी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव आणि समुद्र शांत असेल तर होडीने सुवर्णदुर्ग, जो युनेस्कोच्या यादीतल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. तिसऱ्या दिवशी मोठ्याच्या आवडीने पन्हाळेकाजीची लेणी, लहान मुलासाठी दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा वाळू. चौथ्या दिवशी परत. यादीत ठिकाणे कमी दिसतात, पण घाटात गाडी लागली, एखाद्या दिवशी होडी सुटली नाही किंवा मूल दमले, तरी हा बेत कोलमडत नाही.

पैसे भरण्यापूर्वीची उजळणी

• त्या आठवड्यात तिथले हवामान कसे असते आणि मुख्य आकर्षण चालू असते का?
• एकेरी प्रवास थांब्यांसह किती तासांचा, आणि त्यात घाट किती?
• सर्वांत लहान मूल कडेवर न घेता ते ठिकाण पाहू शकेल का?
• प्रत्येक मुलासाठी करण्यासारखी निदान एक गोष्ट आहे का?
• पाणी असेल तर मुलांवर लक्ष कोण ठेवणार, हे ठरले आहे का?
• जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे?
• एक दिवस पूर्ण वाया गेला तरी सहल चालेल का?

यांतल्या दोन-तीन प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले तर ठिकाण वाईट ठरत नाही. ते पुढच्या सुट्टीसाठी किंवा मुले दोन वर्षांनी मोठी झाल्यावर ठेवावे.